कोपऱ्यातल्या कापडाचा हिशेब

गोधडी, दुपटे, रजई किंवा पाश्चात्त्य पद्धतीचा क्विल्ट यांपैकी कोणतेही शिवलेले पांघरूण घेतले तरी त्याची झीज मध्यापासून सुरू होत नाही; ती कडेपासून सुरू होते आणि कडेतही सर्वांत आधी कोपऱ्यापासून. पांघरूण ओढले जाते ते कडेला धरून, घडी घातली जाते ती कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि धुऊन दोरीवर टाकताना ओल्या कापडाचे सारे ओझे हातात येते तेही दोन कोपऱ्यांच्या आधाराने. म्हणूनच थरांच्या उघड्या कडा झाकणारी पट्टी, जिला मराठी शिवणकामात गोट आणि क्विल्टकामाच्या परिभाषेत बाइंडिंग म्हणतात, ती शोभेसाठी लावली जाते असे वरवर वाटले तरी पांघरुणाचे आयुष्य बऱ्याच अंशी तीच ठरवते. सरळ कडेवर गोट लावणे फारसे अवघड नाही. ज्याला सरळ टीप घालता येते त्याला ते थोड्या सरावाने साधते. खरी परीक्षा होते ती कोपऱ्यावर, कारण तिथे कापडाचा एक हिशेब उभा राहतो, जो कोणत्याही कौशल्याने रद्द करता येत नाही. कोपऱ्याच्या एका अंगाला कापड कमी पडते आणि दुसऱ्या अंगाला तेवढेच उरते. हे उरलेले कापड कुठे ठेवायचे, या एका प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या प्रदेशांतल्या शिवणाऱ्या हातांनी निरनिराळी काढली आहेत, आणि त्यांतले बहुधा सर्वांत देखणे उत्तर गोव्याच्या सीमेपलीकडच्या जंगलात सापडते.

हा हिशेब समजण्यासाठी आधी क्विल्टची रचना ध्यानात घ्यावी लागते. क्विल्टला तीन थर असतात: वरचा दर्शनी थर, जो बहुधा तुकडे जोडून केलेला असतो, मधला भरणाचा थर, म्हणजे कापसाची, लोकरीची किंवा पॉलिस्टरची सलग लादी, आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यातून आरपार जो टाका घातला जातो, तो धावदोरा, म्हणजे सुई सरळ रेषेत कापडाच्या वर-खाली काढत नेण्याचा साधा टाका. धावदोऱ्याने थर जखडले जातात, परंतु चारही बाजूंच्या कडा उघड्याच राहतात आणि त्यांतून भरण डोकावत असते. या कडांवरून एक अरुंद पट्टी पुढून मागे वळवून दोन्हीकडे पक्की करणे म्हणजे गोट लावणे होय.

पट्टी कोणत्या दिशेने कापायची, हा त्यातला पहिला निर्णय. विणलेल्या कापडात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांना ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. या दोन्हींशी ४५ अंशांचा कोन करून जाणारी दिशा ती उरेब. शिंपी ज्याला उरेब पट्टी म्हणतात ती याच तिरक्या दिशेने कापलेली असते. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढले तर सुती कापड फारसे ताणत नाही, कारण ओढ थेट धाग्यावर येते. उरेब दिशेने ओढले की धाग्यांमधले चौकोन कलतात आणि कापड लवचीक होते. पॅरिसच्या मादलेन व्हिओने या वस्त्ररचनाकार स्त्रीने १९२० च्या दशकात संपूर्ण पोशाख उरेब कापडात बेतले आणि ते अंगावर प्रवाहासारखे उतरले, ते याच गुणामुळे. गोटाच्या पट्टीला हा गुण दोन कारणांनी उपयोगी पडतो. एक म्हणजे वळणदार कडेवर उरेब पट्टी सुरकुती न पडता वळते. अमेरिकेत १९३० च्या दशकात अतिशय लोकप्रिय झालेल्या, एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांच्या ‘डबल वेडिंग रिंग’ या नमुन्याची कड कमानीकमानींची असते, आणि तिथे सरळ पट्टी चालतच नाही. दुसरे कारण झिजेचे आहे. सरळ धाग्यात कापलेली पट्टी दुमडली की दुमडीच्या माथ्यावर तेच एकदोन धागे संपूर्ण लांबीभर येतात आणि ते विरले की चीर दूरवर पळते. उरेब पट्टीत मात्र दुमडीवरून असंख्य धागे तिरके ओलांडतात, त्यामुळे एखादा तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. तरीही सरळ कडांच्या पांघरुणाला उरेबच हवी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. बाण्याच्या दिशेने कापलेली सरळ पट्टी कापायला सोपी, शिवताना न ताणली जाणारी आणि कापड कमी खाणारी असते, आणि नवशिक्याचा पहिला गोट तिनेच चांगला बसतो.

पट्टी एकेरी लावायची की दुहेरी, हा दुसरा निर्णय. एकेरी गोटात कडेवर कापडाचा एकच थर येतो. दुहेरी गोटात पट्टी आधी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून इस्त्री केली जाते आणि मग शिवली जाते, म्हणून कडेवर दोन थर येतात. रोज वापरायच्या पांघरुणाला दुहेरी गोट अधिक टिकतो. त्याची रुंदी सामान्यतः सव्वादोन ते अडीच इंच घेतात. सव्वादोन इंचांची पट्टी दुमडली की सव्वा इंचाला एक सूत कमी भरते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ती कडेपासून पाव इंचावर शिवली की टिपेपासून दुमडीपर्यंत सात सूत कापड उरते. त्यातले दोन सूत पुढच्या बाजूला, एक ते दीड सूत थरांच्या जाडीवर आणि दोन सूत मागच्या बाजूला टिपेपर्यंत खर्च होतात, आणि टीप झाकण्यासाठी दीड-दोन सूत शिल्लक राहतात. भरण जाड असेल तर हा शिल्लक भाग जाडीत विरघळतो आणि मागची टीप उघडी पडते, म्हणून तिथे अडीच इंचांची पट्टी घ्यावी लागते.

लांबीचा हिशेब त्याहून फसवा आहे. ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब पांघरुणाची परिमिती ३०० इंच. कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी आणखी १२ इंच धरले तर ३१२ इंच पट्टी लागते. कापडाचा पन्हा ३६ इंच असेल आणि दोन्हीकडची किनार काढून ३५ इंच वापरता येत असतील, तर ९ पट्ट्यांची लांबी ३१५ इंच भरते आणि काम भागले असे वाटते. प्रत्यक्षात ते भागत नाही. पट्ट्या एकमेकींना सरळ जोडल्या तर जोडाच्या जागी सगळे थर एकावर एक येऊन गाठ तयार होते, म्हणून त्या ४५ अंशांच्या तिरक्या शिवणीने जोडतात, म्हणजे जाडी पसरते. परंतु असा प्रत्येक जोड पट्टीच्या रुंदीइतकी लांबी खातो. अडीच इंची पट्टीच्या ८ जोडांत २० इंच जातात आणि हातात राहतात २९५ इंच, म्हणजे परिमितीलाही अपुरे. दहा पट्ट्या घेतल्या तर ३२७ इंचांच्या वर लांबी मिळते आणि त्याला पाऊण मीटर कापड पुरून उरते. उरेब पट्टीचा हिशेब मात्र क्षेत्रफळाने करणे सोपे: ३० इंचांच्या चौरसाचे ९०० चौरस इंच भागिले अडीच, म्हणजे ३६० इंच, आणि शिवणीत जाणारे कापड वजा करूनही तेच पांघरूण त्यात निभते. यासाठी चौरस कर्णावर कापून त्याचा समांतरभुज चौकोन करतात, त्यावर पट्टीच्या रुंदीच्या रेघा आखून एक रेघ सरकवून त्याची नळी शिवतात, आणि ती नळी मोसंब्याची साल एका दमात सोलावी तशी गोल गोल कापत नेतात. पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या कापण्याचे कष्ट १९७९ नंतर बरेच हलके झाले, कारण त्या वर्षी ओल्फा या जपानी कंपनीने फिरत्या गोल पात्याचा कटर बाजारात आणला. तोपर्यंत रेघ आखायची आणि कात्रीने कापायचे, हाच मार्ग होता.

गोट लावण्यापूर्वी पांघरूण चौरसात आणावे लागते. धावदोरा घालताना कापड कमी-अधिक ओढले जाते आणि कडा वाकड्या होतात. वाकड्या कडेवर कितीही सरळ गोट लावला तरी कोपरा काटकोनात येत नाही. कडा छाटल्यावर गवंडी जसा खोलीचा पाया तपासतो तसे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. समोरासमोरच्या बाजू समान असताना दोन्ही कर्णही समान भरले, तर चारही कोपरे काटकोनात आहेत असे निश्चित समजावे. ६० बाय ९० इंचांच्या पांघरुणात प्रत्येक कर्ण १०८ इंचांहून किंचित अधिक भरतो.

आता कोपऱ्याकडे वळता येते. गोटाची टीप कडेपासून पाव इंच आत असते आणि गोटाची बाहेरची रेषा प्रत्यक्ष कडेवर असते. सरळ भागात या दोन्ही रेषा सारख्याच लांबीच्या असतात; परंतु कोपऱ्याला वळसा घालताना बाहेरच्या रेषेला एका बाजूने पाव इंच पुढे जाऊन दुसऱ्या बाजूने पाव इंच परत यावे लागते, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ती आतल्या रेषेपेक्षा अर्धा इंच जास्त चालते. चार कोपऱ्यांत हा फरक २ इंचांचा होतो. पट्टी कोपऱ्यावरून नुसतीच वळवून शिवत नेली तर बाहेरच्या रेषेला हा अर्धा इंच मिळत नाही, ती आखडते, आणि पांघरुणाचा कोपरा द्रोणासारखा वर वळतो. पट्टी मागे वळवली की परिस्थिती उलटते: मागची टीप पुन्हा कडेपासून आत असल्यामुळे तिला अर्धा इंच कमी कापड लागते आणि तेवढे कापड तिथे उरते. पुढे तूट आणि मागे वाढ, असा हा प्रकार आहे. मायटर कोपरा म्हणजे ही तूट पुढच्या बाजूला एका पटीत आधीच साठवून ठेवण्याची आणि मागची वाढ दुसऱ्या पटीत दडवण्याची युक्ती होय.

ती युक्ती प्रत्यक्षात अशी साधली जाते. दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा पांघरुणाच्या दर्शनी बाजूच्या कडेशी जुळवून, सुरुवातीचे आठ-दहा इंच मोकळे सोडून, एखाद्या बाजूच्या मध्यापासून टीप घालायला घेतात. कोपऱ्यापासून सुरुवात कधीही करत नाहीत. कोपरा जवळ आला की पुढच्या कडेच्या बरोबर पाव इंच अलीकडे टीप थांबवून पक्की करतात आणि पांघरूण मशीनबाहेर काढतात. मग पट्टी वरच्या दिशेने, म्हणजे पांघरुणापासून दूर, अशी दुमडतात की तिची उघडी कड पुढच्या बाजूच्या कडेच्या सरळ रेषेत येईल. असे केले की खाली आपोआप ४५ अंशांची तिरकी घडी पडते. ती घडी बोटाने दाबून धरून पट्टी पुन्हा खाली आणतात. या वेळी पडणारी आडवी घडी नुकत्याच शिवून झालेल्या बाजूच्या कडेशी बरोबर समतल असावी लागते. तिथून, अगदी वरच्या कडेपासून, नव्या बाजूची टीप सुरू होते. या दोन घड्यांमधल्या लहानशा पटीतच वर सांगितलेला अर्धा इंच साठवलेला असतो. टीप ठरलेल्या खुणेच्या पुढे गेली तर ही पट शिवणीत अडकते आणि कोपरा उलगडत नाही; ती अलीकडेच थांबली तर कोपऱ्याशी फट राहते आणि टोक बोथट होते. एका टाक्याची चूकही इथे दिसते. म्हणून अनुभवी हात अंदाजावर न विसंबता पाव इंचावर पेन्सिलीने किंवा खडूने खूण करून घेतात, आणि टीप पाव इंचाऐवजी तीन सुतांवर घालायची असेल तर खूणही तीन सुतांवरच करतात, कारण थांबण्याचे अंतर आणि टिपेचे अंतर यांचे नाते अतूट आहे.

तिरकी घडी ४५ अंशांची असते, ती कोपरा ९० अंशांचा असल्यामुळे. घडी नेहमी कोपऱ्याचा कोन दुभागते. षटकोनी पांघरुणाच्या १२० अंशांच्या कोपऱ्यावर ती ६० अंशांची येते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची रुंदी वेगवेगळी असेल, तर मात्र दुभाजकाचा हा नियम मोडतो आणि घडी अरुंद पट्टीकडे झुकते.

शिवताना आणखी एक मोह आवरावा लागतो, तो पट्टी ओढण्याचा. पट्टी जरा ताणून लावली की ती सरळ दिसते, पण पांघरूण सपाट अंथरल्यावर तिचा ताण कडेला आत खेचतो आणि सारी कड वाटीसारखी होते. उलट पट्टी सैल आणि पांघरूण ओढलेले असेल, तर कड झालरीसारखी लाटा घेते. जाड थर मशीनखाली असताना खालचा थर दात्यांमुळे पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो, म्हणून वरच्या थरालाही त्याच गतीने पुढे नेणारा वॉकिंग फूट नावाचा पाय मशीनला लावतात. तो नसेल तर टाचण्या जवळजवळ लावणे आणि सावकाश चालवणे, एवढाच उपाय उरतो.

सुरुवातीला मोकळे सोडलेले टोक आणि फेरी पूर्ण करून आलेले टोक यांची भेट हा गोटातला कोपऱ्याखालोखाल अवघड भाग आहे, आणि त्याचा नियम मात्र आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. दोन्ही टोके एकमेकांवर पट्टीच्या मूळ रुंदीइतकीच, म्हणजे अडीच इंची पट्टीत अडीच इंच, येतील अशी कापावीत. मग घड्या उलगडून ती काटकोनात एकमेकांवर ठेवावीत आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी शिवण घालावी. तिरका जोड पट्टीच्या रुंदीइतकी लांबी खातो, हे वर लांबीच्या हिशेबात आलेलेच आहे. तीच गोष्ट इथे उपयोगी पडते आणि जोड कडेवर तंतोतंत बसतो.

पुढची बाजू झाली की गोट मागे वळवून हाताने टाचतात. तुरपाईचा टाका इथे न दिसणारा असावा लागतो: सुई गोटाच्या दुमडीच्या आतून सूतभर चालते, अस्तराचे आणि भरणाचे एकदोन धागे उचलते आणि पुन्हा दुमडीत शिरते, दर्शनी थरापर्यंत ती जात नाही. दोरा गोटाच्या रंगाचा घेतात, अस्तराच्या नव्हे. सूतभर अंतराने टाके घातले तर ३०० इंचांच्या परिमितीत २,४०० टाके होतात. कोपऱ्याशी आल्यावर आधी एक बाजू सपाट बसवतात आणि मग दुसरी तिच्यावर दुमडतात, आणि हा क्रम असा ठेवतात की मागची पट पुढच्या पटीच्या विरुद्ध अंगाला पडेल; दोन्ही पटी एकाच अंगाला आल्या तर कोपऱ्याच्या एका बाजूला गाठ होते आणि दुसरी बाजू पोकळ राहते. तिरक्या घडीची उघडी चीरही पुढून-मागून दोनतीन टाक्यांनी बंद करतात. बाळाच्या दुपट्यासारख्या रोज धुवायच्या वस्तूला एवढा नाजूकपणा परवडत नाही. तिथे गोट आधी मागच्या बाजूला शिवून पुढे वळवतात आणि पुढून मशीनची टीप घालतात. ती दिसते, पण टिकते.

कडेच्या नेटकेपणाला आज जे महत्त्व आले आहे त्यामागे प्रदर्शनांचाही वाटा आहे. पलंगावर अंथरलेल्या पांघरुणाची कड खाली लोंबते आणि तिचे दोष झाकले जातात. तेच पांघरूण भिंतीवर टांगले की कड चौकटीचे काम करू लागते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतींवर मांडले आणि क्विल्टकडे पाहण्याची अमेरिकनांची नजर बदलू लागली. आज तिकडच्या स्पर्धांतले परीक्षक गोट बोटांत धरून तो आतून पूर्ण भरलेला आहे का हे चाचपतात, कोपरे काटकोनात आहेत का आणि तिरक्या चिरा शिवलेल्या आहेत का हे पाहतात. यातला भरलेपणाचा निकष केवळ हौशी नाही. गोटाच्या आत भरण कडेपर्यंत पोहोचले नसेल तर पोकळ दुमड स्वतःवरच घासते आणि लवकर विरते.

तरीही मायटर कोपरा हा या प्रश्नाचा एकमेव इलाज समजणे चूक ठरेल. वेल्स आणि इंग्लंडच्या उत्तर भागातील जुन्या क्विल्टांना बहुधा वेगळा गोट नसेच. दर्शनी थर आणि अस्तर या दोन्हींच्या कडा आत वळवून एकमेकांसमोर ठेवीत आणि त्यावरून धावदोऱ्याच्या दोन ओळी घालीत. तिथे कोपऱ्यातले जादा कापड पोटातच राहते. अमेरिकेतील अनेक जुन्या क्विल्टांत अस्तरच थोडे मोठे कापून ते पुढे वळवलेले दिसते, तर काहींत आधी दोन समोरासमोरच्या बाजूंना आणि मग उरलेल्या दोन बाजूंना पट्ट्या लावून कोपऱ्यावर एक पट्टी दुसरीवर सरळ चढवलेली असते. चित्राच्या चौकटीऐवजी साध्या खोक्याचा कोपरा डोळ्यांपुढे आणला तर ही रचना समजेल. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या क्विल्टांचा गोट मात्र चांगला रुंद, पुष्कळदा इंचभर असतो, आणि गडद सपाट रंगांच्या त्या रचनेत तो स्वतःच एक रेषा होऊन बसतो. इथे वरचा हिशेब लावून पाहण्यासारखा आहे: गोट पाव इंचाचा असताना कोपऱ्यावर अर्ध्या इंचाचा फरक पडतो, तर इंचभर गोटात तो २ इंचांचा होतो.

भारतीय उपखंडातल्या गोधडीने हा प्रश्न मुळातच वेगळ्या टोकाने धरला. महाराष्ट्रात गोधडी, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत वाकळ म्हणून ओळखले जाणारे पांघरूण जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे आणि साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून बनते. त्यात भरणाची वेगळी लादी नसते, जुने कापडच भरणाचे काम करते. मुंबईच्या क्विल्टकार गीता खंडेलवाल यांनी या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे. क्विल्टमध्ये कड हे शेवटचे काम असते. पारंपरिक गोधडीत कडा आत वळवून तिथूनच दोरा घालायला सुरुवात करण्याची रीत आहे, म्हणजे जे सर्वांत आधी झिजणार ते सर्वांत आधी पक्के होते. गोट लावायचा तर तो साडीचा काठ किंवा लालहिरव्या कापडाची पट्टी असते, आणि कोपऱ्यावर ती सरळ चढवलेली किंवा ओबडधोबड दुमडलेली असली तरी कोणी नाक मुरडत नाही.

परंतु अनेक गोधड्यांच्या शिवणीत एक तिरकी घडी दडलेली असते, तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. दोरा कडेला समांतर, एकाआत एक आयतांच्या फेऱ्यांनी आत आत जात असेल, तर प्रत्येक फेरी कोपऱ्यावर काटकोनात वळते आणि ही सारी वळणे मिळून कोपऱ्यापासून आत जाणारी ४५ अंशांची रेषा उमटते. कापडाला घडी न घालता केवळ दोऱ्याने काढलेला हा मायटर आहे. गोधडी चौरस नसून आयताकृती असल्यामुळे चार कोपऱ्यांतून निघालेल्या चार रेषा एका बिंदूत भेटत नाहीत. दोन दोन रेषा जोडीने भेटतात आणि त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ राहते. चौपाखी घराचे छप्पर वरून पाहिले तर हीच आकृती दिसते: कोपऱ्यांतून वर चढणारे वासे आणि मध्ये आढे. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीत हे आढे बरोबर ३० इंचांचे येते, कारण ते लांबी आणि रुंदी यांतल्या फरकाइतके असते.

कडेपासून आत जाण्याची ही रीत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या तालुक्यांच्या परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या कवंदीत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तिथून सुटून ते पश्चिम घाटाच्या जंगलांत वसले. त्यांच्या घरच्या बोलीत कोकणीबरोबर मराठी आणि कन्नडचे मिश्रण आहे, आणि त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यामुळे कवंदीवर कुठे क्रूस दिसतो, कुठे चंद्रकोर. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासकार हेन्री ड्रुअल यांनी २००४ पासून या कामाचा अभ्यास केला आणि सिद्दी स्त्रियांच्या कवंद्या विकणारी एक सहकारी संस्थाही उभी राहिली.

कवंदी करताना खाली साडी किंवा दुसरे मोठे कापड अंथरतात आणि कडेच्या एका कोपऱ्यापासून तुकडे मांडायला घेतात. प्रत्येक तुकड्याची कड आत वळवून धावदोऱ्याने तो पक्का करत, पुढचा तुकडा त्याला भिडवत, शिवणारी बाई पांघरुणाभोवती फिरत राहते. तुकडे जोडणे, थर जखडणे आणि कड बंद करणे ही क्विल्टमधली तीन वेगळी कामे इथे एकाच दोऱ्यात उरकतात. शेवटचा तुकडा कडेला न पडता मधोमध पडतो. कोपऱ्यांवर मात्र ती जादा कापड दडवत नाही. लहान तुकडे दुमडून त्यांचे त्रिकोण करतात, खणाची त्रिकोणी घडी असते त्या जातीचे, आणि असे एकावर एक अनेक थरांचे, वेगवेगळ्या रंगांचे त्रिकोण कोपऱ्यावर शिवतात. त्यांना फुला, म्हणजे फुले, म्हणतात. ज्या जागी क्विल्ट शिवणारी व्यक्ती सूतभरही जाडी वाढू नये म्हणून पटी पुढेमागे विभागून टाकते, त्याच जागी सिद्दी बाई आणखी कापड आणून बसवते, आणि जो भाग हाताळून सर्वांत आधी विरणार त्यावर थरांची ढाल तयार होते. अर्थात झिजेचे कारण देऊन ही फुले शिवली जात नाहीत. चारही कोपऱ्यांवर फुला नसेल तर कवंदी कितीही ऊबदार असली आणि तिचा एकही टाका चुकलेला नसला, तरी त्या बायकांच्या लेखी ती उघडीच असते.